गोळी कपाटात, धडधड छातीत

पॅनिक अटॅकवरच्या गोळ्या लोक घरी नेतात आणि पाकिटातला कागद वाचून कपाटात ठेवून देतात. त्या कागदावर नेहमीची मळमळ आणि अत्यंत दुर्मीळ त्रास एकाखाली एक छापलेले असतात. घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात.

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन या अशाच रोज घ्यायच्या गोळ्यांनी पहिले एक-दोन आठवडे मळमळ, थरथर, बेचैनी वाढू शकते. धडधडलं की रुग्णाला वाटतं, पॅनिक अटॅकच आला, आणि गोळी बंद! म्हणून सुरुवात सहसा कमी मात्रेने करतात: एस्सिटॅलोप्रॅम ५ किंवा सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, आठवडाभर. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी. (टपरीवरचा चौथा चहाही धडधड वाढवतो, पण दोष गोळीलाच!) गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. क्लोनाझेपाम ही दुसऱ्या प्रकारची गोळी लगेच शांत करते, पण तिची सवय लागते. सीताबर्डीत चिठ्ठीशिवाय ती मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कोणतीही गोळी एकदम सोडू नये, चक्कर आणि झटके जाणवतात.

चेहऱ्यावर सूज, अंगावर पुरळ किंवा जीव द्यावासा वाटणं, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, ही मात्र वाट पाहण्याची लक्षणं नाहीत. लगेच डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणारी किंवा वेदनाशामक औषधं चालू असतील तर आधीच सांगावं. रात्री-अपरात्री शंका आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

– एक औषधविक्रेता, धरमपेठ, नागपूर