आधी डेटा पुसा, मग सिम बंद करा
महोदय,
महापे, ऐरोली, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांचे फोन लोकलमध्ये हरवले की घाईघाईने आधी सिम बंद केलं जातं. घोळ इथेच होतो. दुरून डेटा पुसण्याचा एमडीएमचा (कंपनीचे फोन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आदेश फोन इंटरनेटवर असेल तरच पोहोचतो. म्हणून आधी लॉक, वाइप. पोच आल्यावर सिम. दहा मिनिटांत पोच नाही आली तर मात्र सिम बंद कराच, चोराच्या हाती ओटीपी लागण्याचा धोका मोठा. (सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर विचारला जाणारा पिन लावण्याचा कंटाळा इथे महागात पडतो.) नंतर पोलीस तक्रारीची प्रत जोडून संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करावा, दोन सिमच्या फोनला असे क्रमांकही दोन असतात. हे क्रमांक कर्मचाऱ्याला फोन देतानाच नोंदवावेत. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल (ऑफिसच्या कामाचा वेगळा कप्पा) पुसलं तरी घरचे फोटो राहतात. हे लेखी सांगा, नाहीतर भीतीपोटी लोक उशिरा कळवतात.
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई