कुठली वाटी, असं विचारणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

गर्भारपणातल्या मधुमेहासाठी आम्ही जो आहारतक्ता हातात ठेवतो, त्यात ‘१ वाटी भात’ असं छापलेलं होतं. सुनेबरोबर आलात आणि तुम्ही विचारलंत, “कुठली वाटी? आमटीची, की मूद पाडायची?” त्या प्रश्नाचे आणि त्यामागून आलेल्या, सुनेचं खाणं आणि साखरेचे आकडे टिपलेल्या तुमच्या वहीचे आभार मानायला हे जाहीर पत्र. नाव नको म्हणालात, म्हणून नुसतं काकू.

प्रश्न अगदी नेमका होता. १५० मिलीच्या वाटीत सपाट भरलेल्या भातात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. मोठी वाटी शीग लावून भरली की तीच पन्नासच्या वर जातात. भाकरीचंही तेच. २० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात १४ ग्रॅमच्या आसपास, तर ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत चाळीसच्या वर. ‘भाकरी पथ्याची’ म्हणून दोन खाल्ल्या, की सहा फुलके पोटात गेले! तुम्ही आठवडाभर गोळे काट्यावर तोललेत, मग हातालाच अंदाज आला.

सकाळचं कोडंही वहीनेच सोडवलं. दोन्ही जेवणांनंतर २ तासांनी साखर १२०च्या आत आणि नाश्त्यानंतर मात्र १४०च्या वर, असं का? वारेतून (प्लॅसेंटातून) येणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात, त्यात पहाटे शरीराची स्वतःची संप्रेरकंही वाढलेली असतात. म्हणून दुपारी पचून जाणारे पोहे सकाळी नडतात. तुम्ही सकाळी मुगाची दोन धिरडी आणि एक उकडलेलं अंडं ठेवलंत, आणि पोहे चार वाजता, अर्धी बशी, दाणे घालून. नाचणीच्या सत्त्वाचंही तसंच. नाचणी चांगली, पण बारीक दळून पातळ शिजवली की तिच्यातला स्टार्च झपाट्याने साखर होऊन रक्तात येतो. आकडा बघून तुम्ही सत्त्व बंद केलंत आणि नाचणीची छोटी भाकरी उसळीबरोबर दिलीत. गूळ घातला तर चालेल का, हे मात्र तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तो प्रश्न आम्हाला दिवसातून दहादा येतो (चालत नाही).

सगळ्यात मोठे आभार खरं लिहिल्याबद्दल. डोहाळजेवणाच्या दिवशी वहीत सरळ नोंद आहे: ‘श्रीखंड-पुरी, २ तासांनी १६८.’ तपासणीच्या आदल्या दिवशी कमी खाऊन किंवा वाईट आकडे गाळून आणलेली वही दिसायला छान असते, पण तिच्यावरून औषधाचा निर्णय चुकतो. दुसऱ्या एका पानावर १८६ खोडून ११७ आहे आणि शेजारी, ‘आंबा चिरला होता, हात धुऊन परत पाहिली.’ बोटाला लागलेला फळाचा रस साखर मोजायच्या पट्टीला रक्तातली साखरच वाटतो, हे आम्ही सांगायला विसरलो होतो. आणि २ तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे, हेही तुम्ही पाळलंत.

सुनेला उपाशी ठेवलं नाहीत, याबद्दलही आभार. उपाशीपोटीची साखर ९५च्या वर येत होती, तेव्हा ‘रात्रीचं जेवण बंद करा’ असा सल्ला शेजारून आला होता म्हणे. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती फार कमी केली किंवा मधली वेळ लांबली, की चरबी जळून कीटोन (त्यातून तयार होणारी आम्लं) वाढतात. तुम्ही झोपताना कपभर दूध आणि मूठभर फुटाणे देत राहिलात. तरीही आकडा उतरला नाही, कारण रात्रभर यकृत जी साखर सोडतं तिच्यावर ताटाचा फारसा ताबा नसतो. मग रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं आणि तुम्ही ते आपल्या स्वयंपाकाचं अपयश मानलं नाहीत. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन सहसा जात नाही. जास्त साखर मिळाली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंगाने वाढतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरते. ते टाळायलाच सुई. साखर ७० च्या खाली गेली तर ३ चमचे साखर पाण्यातून आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हा कागद तुम्ही फ्रिजवर चिकटवलात, तेही बरं केलंत.

चालण्याबद्दल थोडंसंच. शतपावली शंभर पावलांची धरली तर ती जेमतेम मिनिटभराची होते. तुम्ही जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत १५ मिनिटं गच्चीवर तिच्याबरोबर चाललात, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर उचलतात. पोट वारंवार कडक झालं, पाणी किंवा रक्त गेलं, चक्कर आली तर थांबून लगेच दवाखाना गाठायचा, हे तुम्हाला पाठ होतं.

आता एक काम उरलं आहे. बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची उतरते, म्हणून पुढची तपासणी राहून जाते. सहा आठवडे झाले की तिला सकाळी उपाशीपोटी आणा: आधी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यातून, मग २ तासांनी पुन्हा रक्त. तोवर डिंकाचे लाडू रोज एक, छोटा.

येताना ती वाटी घेऊन या. नव्या तक्त्यात आम्ही १५० मिलीच्या वाटीचं चित्र छापलं आहे. खऱ्या मापाचं आलंय का, ते शेजारी ठेवून बघू.

आपले,
गर्भवती मधुमेह बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ