दोन मीटिंगांच्या मधली दहा मिनिटं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. दहा ते दोन सलग चार मीटिंगा आणि मग दुपारी डोकं चालत नाही, असं तू लिहिलंस. हा तुझा आळस नाही रे. मीटिंग संपली तरी मन तिच्यातून लगेच सुटत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच मांडलं: आधीचं काम अर्धवट राहिलं की लक्षाचा काही भाग तिथेच अडकतो आणि पुढचं काम कच्चं होतं. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १४ जणांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. अर्ध्या तासाच्या चार मीटिंगा लागोपाठ घेतल्या तेव्हा ताण चढत गेला. मध्ये दहा-दहा मिनिटं ध्यानाला दिली तेव्हा तो साचला नाही. माणसं थोडीच होती, पण तुझी तक्रार नेमकी हीच आहे.

गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये मीटिंगा आखूड करायची सोय आहे. अर्ध्या तासाची २५ मिनिटांची होते, तासाची ५० ची. पण माझं ऐकशील तर शेवट कापू नकोस, सुरुवात पुढे ढकल. ‘मग हे कोण करणार?’ हा प्रश्न नेहमी शेवटीच निघतो, त्यामुळे शेवटी वाचवलेली मिनिटं हमखास खाल्ली जातात. आमंत्रणातच १०:०५ लिहिलेलं असलं की आधीची पाच मिनिटं सहसा कुणी मागत नाही. आउटलुकमध्ये उशिरा सुरू करण्याचाही पर्याय आहे. तासाच्या मीटिंगला मात्र दहा मिनिटं सोड.

त्या दहा मिनिटांत पहिलं काम म्हणजे लिहिणं. काम कुठे थांबलं, पुढचं पाऊल कोणतं, ते कोण उचलणार, एवढं दोन ओळींत. असं टिपून ठेवलं की मन ते काम सोडायला तयार होतं. मग ऊठ, पाणी पी, खिडकीबाहेर लांबवर बघ. शेवटची दोन मिनिटं पुढच्या विषयाला. ईमेल उघडायचा नाही! एक मेल वाचलास की आणखी एक अर्धवट काम डोक्यात घेऊन पुढे जाशील, आणि बहुतेकांची मोकळी वेळ इथेच वाया जाते. फोनचंही तेच.

ही जागा कॅलेंडरवर ‘व्यग्र’ म्हणून टाक. कोरी दिसली की कुणीतरी बुक करणारच.

शिवाय दुपारनंतर ४५ मिनिटांचा एक तुकडा रिकामा ठेव आणि सकाळी तो काहीही झालं तरी भरू नकोस. कामं अवचित येतात, कधी लवकर उरकतात, कधी लांबतात. अशा वेळी दिवस ८० टक्क्यांवरून ९० टक्के भरला तर कामांचं ताटकळणं थोडंथोडकं वाढत नाही, रांगेच्या साध्या गणिताप्रमाणे ते दुपटीहून जास्त होतं. सकाळची एक मीटिंग लांबली की संध्याकाळपर्यंत सगळं घसरतं, ते यामुळेच.

सगळं एकदम बदलू नकोस. सुरुवातीला फक्त दर आठवड्याची आढावा मीटिंग पाच मिनिटं पुढे सरकव. तिला सगळी टीम असते, म्हणजे वेगळं समजावत बसावं लागणार नाही. कुणी अडवलं तर मला कळव.

तुझा,
विनय