खुबूसच्या रांगेतले स्थळ

महोदय,
स्थळ बघताना आधी ‘पॅकेज’ विचारण्याबद्दलची पत्रे वाचली. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत घशात घातले, तेव्हा मी तिथे परिचारिका होते. आमच्याच रुग्णालयातले स्टोअरकीपर पहाटेपासून खुबूससाठी, म्हणजे तिथल्या अरबी रोटीसाठी, रांगेत उभे राहत आणि आम्हा मुलींच्या दाराला पिशवी अडकवून निघून जात. गोड बोलणे शून्य! बगदादमार्गे अम्मानला निघताना माझ्या पाण्याच्या कॅनची तुटलेली मूठ त्यांनी सुतळीने बांधून दिली. एअर इंडियाने अम्मानहून लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आणले, त्यात आम्हीही होतो. पुढे त्यांचे स्थळ आले, तर अण्णांनी पगार विचारला. नोकरी दोघांचीही गेलेली! मीच मध्ये बोलले, मला पसंत आहे.

– एक निवृत्त परिचारिका, चिपळूण