लोणच्याचा फोटो मिळाला

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला फोटो पाठवून ‘आई, फेकू का?’ एवढंच विचारलंस. फोनवर सांगितलं तर निम्मं ऐकशील, म्हणून लिहितेय.

आधी लिंबाचं. त्या फोडींवर पांढरे दाणे दिसतायत ते बहुधा मीठ आहे. खार आटला की मीठ असं वर येतं. एक दाणा चमच्यावर काढून गरम पाण्यात टाक. विरघळला तर मीठ. तरंगत राहिला, कापसासारखा दिसला, तर बुरशी. फोडी काळ्या पडल्यात त्याची काळजी नको, मुरलेलं लिंबू काळंच होतं. लिंबाच्या रसाचा सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) दोन-अडीचच्या घरात, त्यात वर मीठ, म्हणून ते सहसा टिकतं. (शाळेत शिकवायची सवय, जात नाही.)

कैरीच्या बरणीचं मात्र मला बरं दिसत नाही. फोडी तेलाच्या वर आल्यात आणि कडेला राखाडी लव धरलीय. तुमच्यापैकी कुणीतरी ओला चमचा घातलाय, नाव विचारत नाही. वरचा थर काढून खालचं खाऊ नकोस. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, तिचे तंतू डोळ्यांना न दिसता खाली गेलेले असतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी असाच थर खरवडून, वर गरम तेल ओतून बरणी गुपचूप मागे ठेवली होती. आठ दिवसांनी आजीनं दादरा सोडला, एकदाच वास घेतला आणि अख्खी बरणी परसातल्या खड्ड्यात उलटी केली. बोलली काहीच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस जेवायला बसलं की मला ती बरणी आठवायची.

वासाचंही शीक. आंबट, मोहरीचा नाकात चढणारा वास चांगला. खवट वास म्हणजे तेल जुनं झालं, चव गेली. शिळ्या ताडीसारखा वास, फेस आणि गिळगिळीत फोडी असं दिसलं की चाखूनसुद्धा बघायचं नाही.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहितेय ते. फोटोत मागे काचेच्या बाटलीत सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ठेवलेला दिसला. तुझ्या रूममेटचा असेल. ती बाटली आजच टाका. कैरीला स्वतःचा आंबटपणा असतो, लसणीचा सामू सहाच्या आसपास. सामू ४.६ च्या खाली असला तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा विष तयार करणारा जंतू वाढत नाही. इथे तो वर आहे, आणि तेलाखाली हवा नाही, म्हणजे त्याला हवं तेच. त्याच्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. इथे आजीचं नाकही हरलं असतं. लसूण तेलात हवाच असेल तर थोडा करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. आपल्या लसणीच्या लोणच्यात मी वाटीभर लिंबाचा रस घालते तो उगाच नाही.

पुढच्या रविवारी आत्या तिकडे येतेय, तिच्याबरोबर कैरीचं नवं लोणचं देते. यंदा चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ घातलंय, तेल वर दोन बोटं आहे. मोठी बरणी उघडत बसू नकोस, आठवड्यापुरतं छोट्या वाटीत काढ. चमचा कोरडा. आणि रिकामी बरणी आत्याकडे परत दे, झाकणासकट.

तुझी,
आई