मागच्या सीटवर ब्रेक नसतो

मा. संपादक,
स. न.

बारावीचा निकाल लागला की गावोगावी मोटारसायकली निघतात आणि शिकवायला मामा, काका नाहीतर मोठा भाऊ मागं बसतो. 'क्लच हळू सोड, घाबरू नको, मी आहे ना मागं!' यातला शेवटचा दिलासा पोकळ आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. मोटारसायकलवर मागच्या माणसाचा हात पुढच्या ब्रेकपर्यंत पोचत नाही, पाय मागच्या ब्रेकपर्यंत पोचत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ सांगतो की शिकाऊ परवानाधारकासोबतच्या प्रशिक्षकानं गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसावं. दुचाकीवर ती जागाच नाही. म्हणून थांबणं मैदानावर पक्कं झाल्याशिवाय शिकणाऱ्याला डांबरी रस्त्यावर काढू नये.

मैदानावर पहिला पाठ इंजिन बंद ठेवून. गाडी हातानं ढकलत न्यायची आणि पुढचा ब्रेक हलके दाबून थांबवायची. 'पुढचा ब्रेक लावला की माणूस पालथा पडतो' ही भीती इथंच निघते. मग पहिला गिअर, ॲक्सिलरेटर न देता नुसता क्लच सोडत गाडी माणसाच्या चालीनं सरकेल तिथं हात रोखायचा. बहुतेकांची गाडी उडी मारते ती क्लच एकदम सुटतो आणि त्याच झटक्यात उजवी मूठ पिळली जाते म्हणून. मनगट मुठीच्या खाली ठेवून बसायची सवय लावली की घाबरल्यावरही मूठ पिळली जात नाही.

त्यानंतर चुन्याची रेघ. ताशी २० च्या वेगानं यायचं, रेघेवर दोन्ही ब्रेक लावायचे, थांबता थांबता क्लच दाबायचा, डावा पाय जमिनीवर. जमलं की ३०, मग ४०. ब्रेक लावताच वजन पुढं येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून नुसता पायाचा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी मागून घसरते. कोरड्या डांबरावर ४० च्या वेगात दोन्ही ब्रेक नीट लागले तर साधारण १० ते ११ मीटरांत गाडी थांबते, नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळपास दुप्पट अंतर जातं. शिवाय धोका दिसून हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर आधीच गेलेले असतात. पुढचा ब्रेक मात्र लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा, झटका द्यायचा नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) किंवा चाक जाम होऊ न देणारं एबीएस आलं. घरची जुनी गाडी असेल तर तिला दोन्ही नाही, तिथं हातानंच शिकावं लागतं.

गाडीही तपासा. पुढच्या ब्रेकची केबल ताणून लिव्हर मुठीला टेकत असेल तर सगळी शिकवण फुकट. चेन मधोमध दोन-तीन सेंटीमीटर वरखाली व्हावी. कोच मागं बसणार असेल तर मागच्या टायरची हवा डबलसीटची हवी, आकडा चेनकव्हरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. आणि शिकणाऱ्यानं स्वतःच्याच गाडीवर शिकावं. कुठं सगळे गिअर पुढं पडतात, कुठं पहिला खाली आणि बाकीचे वर. ऐन फाट्यावर पाय चुकतो.

रस्त्यावर सकाळी सहा ते आठ, गाव ते फाटा, एवढंच. दोघांच्या डोक्यात आयएसआय हेल्मेट, मग बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून खांद्यावरच्या खुणा आधी ठरवाव्या: एक थाप म्हणजे वेग कमी, दोन थापा म्हणजे बाजूला घेऊन थांब. कोचनं मागच्या कॅरिअरला धरावं. शिकणाऱ्याच्या कमरेला मिठी मारली तर तो वळणावर हँडल फिरवू शकत नाही.

आपल्याकडे गाडी पाडते ती साइडपट्टी. डांबराचे थरावर थर चढून कडेला वीतभर पायरी झालेली असते. समोरून बस आली की पोरगा घाबरून खाली उतरतो आणि परत चढताना टायर कडेला घासत नेतो. चाक कडेला अडकतं, हँडल जागेवरच गुंततं आणि गाडी आडवी होते. उतरल्यावर वेग कमी करावा, मागची गाडी जाऊ द्यावी, मग कड जिथं बुटकी आहे तिथं चाक चांगलं तिरकं घालून वर यावं. नाहीच जमलं तर थांबून ढकलून चढवावी, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या सरीनंतर ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातून आणलेली काळी माती साबणासारखी होते. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनच्या दाण्यांवर टायर पकड घेत नाही. दोन्ही ठिकाणी ब्रेक आधी, गाडी सरळ असताना लावावा. मातीवर किंवा दाण्यांवर गेल्यावर नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या भरलेल्या बैलबंडीला मागं दिवा नसतो आणि काड्या चाकाबाहेर हातभर आलेल्या असतात. रोही (नीलगाय) एक गेला की दुसरा येतोच, म्हणून पहिला ओलांडला तरी मूठ वाढवू नये. अंधारात शिकवणी नकोच.

अठराच्या आतल्या मुलाला गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नाही.

शिकाऊ परवान्यानंतर पक्क्या परवान्याच्या परीक्षेला ३० दिवस थांबावंच लागतं. ते दिवस या सरावासाठीच आहेत. पण तालुक्याच्या परवाना शिबिरात दुचाकीवाल्याकडून आठाचा आकडा काढून घेतला की काम झालं, अशी समजूत बसली आहे, म्हणून पोरंही फक्त आठच घोकतात. अचानक गाडी थांबवता येणं हे नियमांतल्या चाचणीतच आहे. तेव्हा परिवहन विभागाला विनंती: आठाच्या शेजारी चुन्याची एक सरळ रेघ मारा आणि प्रत्येकाला ३० च्या वेगात तिच्यावर थांबवून बघा. शिबिराच्या दिवशी चुना आम्ही आणून देऊ.

आपले,
दुचाकी शिकवणारे काही प्रशिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ