चि. सायलीस, विक्रोळीहून

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आप्पा, बरी आहे" म्हणतेस आणि लगेच आजीकडे फोन देतेस. म्हणून लिहायला बसलोय. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाच्या, भरतीतल्या पाच चाचण्यांत प्रत्येकीत निदान ४२ गुण लागतात. तुला चार चाचण्यांत ४२ च्या वर आणि पाचवीत ४०. एकीत कमी पडलं की बाकीच्या चार मोजत नाहीत, आणि पुन्हा द्यायचं तर पहिल्या सीबीटीपासून, म्हणजे संगणकावरच्या परीक्षेपासून, सगळं नव्यानं. यात कोणालाच सूट नाही. मी सत्तावीस वर्षं रुळावर काढली, मला तो नियम पटतो. तरी त्या रात्री तू ताटावरून उठलीस तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.

गावी निघताना तू म्हणालीस, "देवाच्या मनात नसेल, आप्पा." पोरी, हे मला आठ दिवस टोचतंय. दोन गुणांवरून देवाच्या मनातलं कसं कळलं तुला?

तू सहा वर्षांची होतीस. आई माझा डबा घेऊन यायची तेव्हा तू विक्रोळीच्या पुलावर जाळीला नाक लावून उभी राहायचीस. एकदा धीम्या लोकलच्या मोटरमनने तुझ्याकडे बघून हात केला. घरी येऊन तू विचारलंस, "पुढे बसायला काय शिकावं लागतं?" आपल्या घरात कोणी इंजिनात चढलेलं नाही. तुझे आजोबा रूळ दुरुस्त करणारे गँगमन, मी रोज चालत रूळ तपासणारा कीमन. आम्ही गाडी आली की बाजूला होणारी माणसं. हे तुझ्या डोक्यात आम्ही घातलं नाही, शाळेने घातलं नाही. मग कोणी घातलं? मी तरी त्याला देवाचं देणं मानतो.

आणि ते काढून टाकायचा प्रयत्न मीच केला. बारावीनंतर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मी आणला होता. मुलीच्या जातीला रात्रीची ड्युटी, घाट, पाऊस झेपणार नाही, असं मी तुला तोंडावर बोललो. दोन दिवस तू अबोला धरलास आणि तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिकल डिप्लोमाची माहिती घेऊन आलीस. चुकलं माझं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, आज सांगतो.

तुझ्या कपाटाच्या दाराला आतून पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर सुरेखा यादवांचा फोटो चिकटवलेला आहे, २०११ चा. ८ मार्चला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली तेव्हाचा. तू आठ वर्षांची होतीस. तो फोटो मी काल नीट पाहिला. साताऱ्याकडची बाई ऐंशीच्या दशकात रेल्वेत आली. मालगाडी हातात यायला १९९६ उजाडलं. लोकल २००० मध्ये, घाट २०१० मध्ये, आणि त्यानंतर ती क्वीन. वीस वर्षांहून जास्त, सायली. फोटोत फक्त शेवटचा दिवस दिसतो.

माझं काम तू लहानपणापासून बघतेस, पण त्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका किलोमीटरला रुळाखालचे १६६० आडवे स्लीपर, एका स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरमागे ६६४०. हातोडा मारला की घट्ट क्लिप टण्णकन वाजते, सैल असली तर आवाज बसका येतो. कंटाळा आला म्हणून एखादी सोडून दिली असं चालत नाही. नवीन होतो तेव्हा मला पुढची लांबी बघूनच दमायला व्हायचं. मुकादम म्हणायचे, लांब बघू नकोस, हातातली वाजव.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी. मी कुर्ल्याच्या पुढे रुळावर, पाणी कमरेपर्यंत, दिवे गेलेले. तू दोन वर्षांची, घरी तापाने फणफणलेली. रूळ दिसत नव्हते. पायाने चाचपत चाललो. एक स्लीपर लागला की पुढचा लागेपर्यंत 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचं, बस्स. घर किती लांब आहे हे मी त्या रात्री एकदाही मोजलं नाही. पहाटे दारात पोचलो तेव्हा तुझा ताप उतरला होता. माझी श्रद्धा तेव्हापासूनची आहे, ती कोणी शिकवलेली नाही.

परवा आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला गेलो होतो. रांगेत चार तास. काय मागायचं ते वाटेत शंभरदा ठरवलं आणि बदललं. समोर गेलो तेव्हा दोनच क्षण मिळाले आणि तोंडातून निघालं, "तूच दिलंस ना तिला हे, मग आता तूच बघ." बाहेर आलो तर छाती हलकी वाटली.

पण तो बघेल म्हणून तू हातपाय गाळून बसायचं नाहीस. वैद्यकीय तपासणीत चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, तेव्हा रात्री अंधारात मोबाईल बघणं बंद. अंतर ओळखायच्या चाचणीत तू अडलीस, तर रोज अर्धा तास घड्याळ लावून तेवढंच कर. खिडकीजवळचं टेबल मी रिकामं केलंय, वर ट्यूबलाइट नवी लावली आहे. तुझ्या आईने तुझी वही उशाशी ठेवली आहे, कोणाला हात लावू देत नाही.

आजीला नमस्कार सांग. रविवारच्या कोयना एक्स्प्रेसने ये, पुढच्या जनरल डब्यात बस. मी दादरला इंजिनापाशी उभा असेन. उतरलीस की आधी ड्रायव्हरला नमस्कार करू, मग घरी जाऊ.

तुझा,
आप्पा